न दिसलेला क्रौंच

काळ्या मानेचा क्रौंच काही झुडपात दडून बसणारा पक्षी नाही. उभा राहिला की माणसाच्या कमरेच्या वर येतो. पंख पसरले की दोन मीटरच्या पुढे जातात. अंग राखाडी-पांढरं, मान काळीभोर, डोक्यावर लाल टिळा. थंडी पडली की तिबेटच्या पठारावरून यातले मोजके पक्षी अरुणाचल प्रदेशातल्या तवांग जिल्ह्यात, न्यामजांग छू नदीच्या काठी उतरतात. जागा ठरलेली. झेमिथांगच्या खोऱ्यात नदीचं पात्र रुंदावतं, पाणी जरा दमानं वाहतं, तिथेच. तिथल्या मोंपा लोकांना हा पक्षी पवित्र. सहाव्या दलाई लामांचं रूप म्हणून ते त्याच्याकडे पाहतात. थोडक्यात, त्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही तो ठाऊक आहे.

याच नदीवर ७८० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प ठरला. पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा रीतसर अहवाल तयार झाला, तज्ज्ञ समितीसमोर गेला आणि २०१२ साली मंजुरीही मिळाली. बॅरेजची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्याची, जागा क्रौंचांच्या मुक्कामाला लागूनच होती. पण त्या सगळ्या कागदांत या मुक्कामाची दखलच नव्हती. आपल्याकडे आदिकवीची गोष्ट सांगतात: नदीकाठी क्रौंच पडला, ते पाहून शोक झाला आणि शोकाचा श्लोक झाला. इथे क्रौंच जिवंत उभे होते, तरी ते अहवाल लिहिणाऱ्याला दिसले नाहीत.

दिसले ते मोंपांच्या ‘सेव्ह मोन रीजन फेडरेशन’ला. भिक्खू आणि गावकऱ्यांच्या या संघटनेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. ७ एप्रिल २०१६ रोजी न्यायाधिकरणाने मंजुरी स्थगित केली आणि अभ्यास नव्याने करा, लोकांचं म्हणणं पुन्हा ऐका, असं सांगितलं. त्या निकालाला महिनाही झाला नव्हता, तोवर चळवळीतल्या एका लामाला अटक झाली. २ मे रोजी त्याच्या सुटकेसाठी तवांगच्या पोलिस ठाण्यासमोर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. दोघे गेले. त्यात एक भिक्खू होता.

एवढं झाल्यावरही या लोकांचा उल्लेख बातम्यांमध्ये ‘धरणविरोधक’ असाच येतो. माझं भांडण या शब्दाशी आहे. मोंपांनी केलं काय? ज्या अहवालासाठी सल्लागार कंपनीला पैसे मिळाले होते, त्यातलं राहिलेलं काम त्यांनी पदरचे पैसे घालून पुरं केलं. नदी वाचवायला निघालेल्या बहुतेक चळवळी हेच करतात. घोषणा, मोर्चे, उपोषणं आपल्याला दिसतात. त्याखालची तपासणी दिसत नाही. आणि तपासणी त्यांनाच करावी लागते, कारण आपल्या व्यवस्थेत पुरावा द्यायची जबाबदारी चुकीच्या माणसावर आहे.

ती कशी, ते पाहा. आपल्याकडे या अहवालांची आजची चौकट २००६ च्या अधिसूचनेने घालून दिली. अहवाल करणारा सल्लागार निवडतो कोण, तर ज्याला प्रकल्प बांधायचा आहे तो. सल्लागाराचं बिल भागवतो कोण, तर तोच. आपल्या मुलीचं स्थळ पाहायला आपणच पैसे देऊन मध्यस्थ नेमला, तर निदान तो आपल्या बाजूने खोट काढतो. इथे मध्यस्थ नवऱ्या मुलाकडचा, दक्षिणा मुलाकडची आणि मुलाच्या तब्येतीचा दाखलाही त्यानेच आणायचा. मग ‘परिणाम: नगण्य’ असं लिहिलेल्या रकान्यांचं नवल कशाला वाटावं?

जनसुनावणी असते ना, असं कुणी म्हणेल. असते. ३० दिवस आधी नोटीस निघते, मांडव पडतो, स्टेजवर टॉवेल टाकलेल्या खुर्च्या, समोर पोलीस. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो. मूळ अहवाल, ज्यात खरी आकडेमोड असते, तो शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. ज्या बाईच्या झऱ्याचं पाणी जाणार, तिने तो महिन्याभरात वाचायचा, त्यातली चूक शोधायची आणि माईकवर दोन मिनिटांत सांगायची. सांगता आली नाही, तर आक्षेप नव्हता असं धरायचं. आणि हा महिना म्हणजे ऐन लावणीचा नसला तर नशीब.

आता ती चूक शोधायची म्हणजे काय, हे कळायला प्रकल्प चालतो कसा ते जवळून पाहावं लागेल. हिमालयातल्या बहुतेक प्रकल्पांना ‘रन ऑफ द रिव्हर’ म्हणतात. नाव मोठं गोड. वाटतं, नदी आपली वाहते आहे, जाता जाता चार युनिट वीज देऊन जाते. प्रत्यक्षात बॅरेज घालून पाणी अडवतात, डोंगराच्या पोटातून बोगद्याने कित्येक किलोमीटर खाली नेतात, तिथे उंचीवरून टर्बाइनवर सोडतात आणि मग पुन्हा पात्रात. बॅरेजपासून पॉवरहाऊसपर्यंतच्या मधल्या पट्ट्यात उन्हाळ्या-हिवाळ्यात उरतो तो दगडगोट्यांचा रस्ता. नदी आहे, पण ती बोगद्यात. बोगद्यासाठी सुरुंग लागतात. डोंगरातल्या पाण्याच्या वाटा तुटतात, वरच्या अंगाच्या गावातला झरा एखाद्या वर्षी बारीक होतो, मग आटतो. तो प्रकल्पामुळेच आटला हे सिद्ध कुणी करायचं? गावाने. प्रकल्पाआधी झऱ्याला किती पाणी होतं याची नोंद कुणाकडे असते? कुणाकडेच नाही. एवढ्या एका गोष्टीवर कित्येक गावांचे दावे पडतात.

दुसरी गोष्ट विजेच्या वेळेची. वीज सगळ्यात महाग संध्याकाळी, म्हणून पाणी दिवसभर साठवून संध्याकाळी सोडण्यात फायदा. नदीचं पाणी घड्याळावर चढतं-उतरतं. माशांना विणीसाठी जे इशारे लागतात, पाण्याचा गारवा, गढूळपणा, हळूहळू चढणारा प्रवाह, ते सगळे विसकटतात. माणसांनाही त्याची किंमत मोजावी लागते. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात थलौटजवळ हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं बियासच्या पात्रातल्या खडकांवर फोटो काढायला उतरली होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सुटलं. २४ विद्यार्थी आणि सहलीबरोबरचा एक जण वाहून गेले. दिवस कोरडा, नदी शांत. पूर यायचं आभाळातलं एकही लक्षण नव्हतं. पिढ्यानपिढ्या नदीकाठी राहिलेल्या माणसाचा अंदाजही अशा नदीपुढे चालत नाही, ती तर पाहुणी मुलं होती.

मग ‘किमान प्रवाह’ नावाचा उतारा निघतो. गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्राने २०१८ साली तो ठरवला: नोव्हेंबर ते मार्च या काळात महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या निदान २० टक्के. काहीच नसण्यापेक्षा बरं, हे मान्य. पण उलटं वाचून पाहा. गंगेसारख्या नदीचं हिवाळ्यातलं ८० टक्के पाणी काढून घेतलं तरी ती कायद्याने वाहती असते.

सिक्कीमकडे वळतो. तीस्तेच्या खोऱ्यात झोंगू हा लेपचा लोकांसाठी राखलेला प्रदेश. २००७ च्या जूनमध्ये तिथल्या तरुणांनी तीस्तेच्या खोऱ्यातल्या जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध गंगटोकमध्ये उपोषण सुरू केलं. पुढे ते साखळी उपोषण झालं आणि दोन वर्षांहून जास्त चाललं. समाज एकमुखी नव्हता, हे लपवायचं कारण नाही. काहींना प्रकल्प हवा होता, मोबदला हवा होता, आणि त्यावरून घराघरांत अबोला आला. सरकारने झोंगूतले चार प्रकल्प रद्द केले. बाकीच्यांचं काम चालू राहिलं. त्यातलाच चुंगथांगचा १२०० मेगावॉटचा प्रकल्प २०१७ साली सुरू झाला. खर्च १३ हजार कोटी रुपयांहून अधिक. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री वर साऊथ ल्होनाक हे हिमतळं, म्हणजे हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याचं तळं, फुटलं आणि ६० मीटर उंचीचं धरण काही मिनिटांत पुसलं गेलं. पन्नासहून अधिक माणसं दगावली, कितीतरी सापडलीच नाहीत.

उपोषणाला बसलेल्या पोरांना हे सगळं आधी दिसलं होतं, असा दावा मी करणार नाही. तळं कधी फुटेल ती तारीख त्यांना माहीत नव्हती. पण हा डोंगर कच्चा आहे, इथे नदीला खेळायला जागा लागते, हे ते सांगत होते आणि ऐकणारे त्याला भावना म्हणत होते. धरण वाहून गेल्यावर तरी सूर बदलेल असं वाटलं होतं. २०२५ च्या जानेवारीत केंद्राच्या तज्ज्ञ समितीने त्याच जागी, आधीच्या जवळपास दुप्पट उंचीचं काँक्रीटचं धरण बांधायला अनुकूल शिफारस केली. नव्याने जनसुनावणी न घेता.

लोकांनी केलेली तपासणी पुरी झाली आणि ऐकलीही गेली, असं एक ठळक उदाहरण आपल्या देशात आहे. केरळमध्ये सायलेंट व्हॅलीतल्या कुंतीपुळा नदीवर १२० मेगावॉटचा प्रकल्प होता. १९७३ साली नियोजन आयोगाने त्याला मान्यता दिली होती. सिंहपुच्छ वानरासाठी तो थांबला असं आपण सैलपणे म्हणतो. त्या वानराला जगभर प्रसिद्धी मिळाली हे खरं, पण पाया घातला तो केरळ शास्त्र साहित्य परिषदेने. ही शिक्षकांची, मल्याळममध्ये विज्ञान लिहिणाऱ्या मंडळींची संघटना. त्यांनी जंगलाबरोबर विजेचाही हिशेब मांडला: ही वीज कुणाला लागणार, किती लागणार, दुसरीकडून मिळेल का. पर्यावरणवाद्यांना वीज कळत नाही, हा नेहमीचा टोमणा तिथे चालेना. आणि हे सगळं लोकांच्या भाषेत, गावोगाव. १९८३ साली प्रकल्प सोडून दिला गेला, पुढच्या वर्षी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. केरळ अंधारात बुडाला नाही.

त्याआधी साठ वर्षं मुळशीत हेच घडायला हवं होतं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. कोळसा वाचेल, उद्योग वाढेल, देशाचं भलं होईल, हे युक्तिवाद तेव्हाही झाले होते. शंभर वर्षांत त्यांची इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही. सरकारने खासगी कंपनीसाठी १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी लढा नेटाने चालवला, बापटांच्या नावामागे ‘सेनापती’ लागलं ते तिथेच. तरी लढा हरला. हरण्याची कारणं अनेक, पण मला त्यातलं एक सारखं खुपतं. ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्यातले बरेच सावकार पुण्यात राहत होते आणि त्यांना मोबदला चालणार होता. कसणाऱ्याची संमती कुणी मागितलीच नाही, कारण सातबाऱ्यासारख्या कागदावर तो कुणीच नव्हता. आजही ‘बाधित’ कोण हे कागदच ठरवतो. बुडीत क्षेत्रात ज्याची जमीन तो बाधित. खाली तीस किलोमीटरवर मासे पकडणारा कुणीच नाही.

आता समोरच्या बाजूचं. ही बाजू कमकुवत करून मांडण्यात काही अर्थ नाही.

कोळसा जाळायचा नसेल तर वीज कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. सूर्य मावळल्यावर सौर प्रकल्प झोपतात आणि नेमकी तेव्हाच मागणी चढते. पाण्याची वीज मात्र बटण दाबलं की मिनिटांत मिळते. डोंगरातल्या तरुणाला रस्ता हवा, नोकरी हवी, आणि शहरात बसून त्याला ‘नदी जप’ म्हणणाऱ्याबद्दल त्याला चीड आली तर ती रास्त आहे. मी स्वतः विजेवर चालणाऱ्या यंत्रावर हे लिहितो आहे, हेही आलंच.

पण या युक्तिवादातून निघतं ते एवढंच की, पाण्याच्या विजेला आपल्या गरजांमध्ये जागा आहे. अमुक नदीवर, अमुक जागी, अशा अहवालाच्या जोरावर धरण बांधावं, हे त्यातून निघत नाही. संध्याकाळची मागणी भागवायला नदीपासून दूर, दोन तळ्यांमध्ये तेच पाणी वर-खाली खेळवणारे प्रकल्प करता येतात. त्यांचेही प्रश्न आहेत, पण निदान वाहती नदी त्यांच्यात अडकत नाही. जी धरणं आधीच आहेत त्यांतला गाळ, जुनी टर्बाइनं, तारांमधली गळती यांचा हिशेब आधी मांडता येतो. आणि पाण्याच्या विजेला भरवशाची म्हणताना अल्बानियाकडे एकदा पाहावं. या देशाची वीज जवळजवळ सगळी पाण्याची. पाऊस दगा देतो त्या वर्षी तो शेजाऱ्यांकडून वीज विकत घेतो. हवामान लहरी होत चाललेलं असताना सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवणं हा कुठला शहाणपणा?

नद्या तशा उरल्यात तरी किती? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत हजार किलोमीटरहून लांब नद्यांपैकी उगमापासून शेवटपर्यंत मोकळ्या वाहणाऱ्या फक्त ३७ टक्के निघाल्या. गोष्ट दुर्मीळ होत जाते तशी ती मोडायची परवानगी अवघड व्हायला हवी. नद्यांच्या बाबतीत आपण परवानग्या सोप्या करत चाललो आहोत.

सगळ्यात सोपी परवानगी म्हणजे जिची गरजच नाही ती. आपल्याकडे २५ मेगावॉटच्या आतल्या जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. म्हणजे अहवाल नाही, जनसुनावणी नाही. ‘लघु’ म्हटलं की हिरवा झाला. एका ओढ्यावर एकापाठोपाठ एक पाच लघु प्रकल्प लागले की ओढा संपतो, पण त्यातला कुठलाच एकटा गुन्हेगार नसतो. बोस्नियात क्रुशचित्सा नावाच्या अशाच लहान नदीवर दोन छोटे प्रकल्प येणार होते. गावाचं पिण्याचं पाणी त्याच नदीचं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गावच्या बायका पुलावर जाऊन बसल्या. पोलिसांनी मारलं, फरफटवलं. त्या पुन्हा येऊन बसल्या. ५०३ दिवस, पाळ्या लावून, थंडी-पावसात. २०१८ च्या अखेरीला परवाने रद्द झाले. एवढ्याशा विजेसाठी एवढा हट्ट कशाला, असं त्यांनाच विचारलं गेलं असणार. तो प्रश्न उलट बाजूला का विचारत नाहीत?

मला काय हवं ते सांगतो, म्हणजे नुसती तक्रार केली असं व्हायला नको. सल्लागाराची निवड आणि त्याचे पैसे प्रकल्पवाल्याच्या हातून काढून घ्या. पैसे त्याच्याकडूनच घ्या, पण सरकारी खात्यात जमा करून, आणि सल्लागार चिठ्ठी टाकून नेमा हवा तर. पूर्ण अहवाल लोकांच्या भाषेत द्या. झरे, मासे, पक्षी यांची प्रकल्पाआधीची नोंद गावाबरोबर बसून करा आणि तिच्यावर गावाची सही घ्या, म्हणजे उद्या झरा आटला तर पुरावा प्रकल्पवाल्याने द्यायचा. खोटा किंवा अर्धवट अहवाल सापडला तर अहवालाची दुरुस्ती नको, मंजुरी मुळापासून जावी. आणि ग्रामसभेच्या ‘नाही’ला ‘नाही’ मानायचं. हे काही आकाशातून पडलेलं नाही. २०१६ साली हरित न्यायाधिकरणाने हिमाचलातल्या किन्नौरमधल्या लिप्पा गावाच्या बाबतीत सांगितलं की, काशांग प्रकल्पाचा प्रश्न वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभेपुढे ठेवा. पुढे किन्नौरच्या तरुणांनी ‘नो मीन्स नो’ अशी मोहीमच काढली. इतक्या सरळ वाक्यासाठी मोहीम काढावी लागते, यातच सगळं आलं.

शेवटी काही नद्या यादीतूनच वगळायला हव्यात. प्रत्येक प्रकल्पाशी वेगळं भांडून गाव दमतं, प्रकल्प दमत नाही. कंपनी बदलते, नाव बदलतं, मेगावॉट बदलतात, फाईल तीच. अल्बानियातल्या व्योसा नदीवर हे स्पष्ट दिसलं. ती ग्रीसमधल्या पिंडस पर्वतात उगम पावते आणि सुमारे २७० किलोमीटर वाहून एड्रियाटिक समुद्राला मिळते. कालिवाच इथे धरणाचं काम २००७ साली सुरू होऊन अर्धवट पडलं होतं. खाली पोचेमला दुसरं येऊ घातलं होतं. कूता गावचे रहिवासी संघटनांबरोबर कोर्टात गेले. त्याच सुमारास शास्त्रज्ञांचा एक मोठा गट नदीवर आठवडाभर तळ ठोकून बसला आणि किडे, मासे, वनस्पती, वाळू, सगळं मोजून गेला. अहवालाने करायचं राहिलेलं काम तिथेही दुसऱ्यांनीच केलं. २०१७ च्या मे महिन्यात कोर्टाने पोचेमविरुद्ध निकाल दिला: लोकांशी सल्लामसलत धड झाली नाही, परिणामांचा अहवालही कच्चा. पण गावकरी आणि कार्यकर्ते निकालावर थांबले नाहीत. एक धरण थांबून भागणार नव्हतं. १५ मार्च २०२३ रोजी अल्बानियाने व्योसा आणि तिच्या उपनद्या मिळून ‘वन्य नदी राष्ट्रीय उद्यान’ जाहीर केलं. युरोपातलं हे असं पहिलं.

त्याच व्योसाची शुशिका नावाची उपनदी आहे. तिच्या उगमाकडचं पाणी नळांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या गावांकडे न्यायची योजना उद्यानाच्या घोषणेनंतरही चालूच राहिली. शुशिकाच्या खोऱ्यातले शेतकरी पुन्हा रस्त्यावर आले आहेत.